लिस्टर पद्धतीचे डिझेल इंजिन ओव्हरहॉलसाठी कसे खोलावे

खान्देशात विहिरीवर, नदीकाठी किंवा खळ्यात दिसणारे एका सिलिंडरचे, दोन मोठ्या चाकांचे, संथ गतीचे डिझेल इंजिन आता पूर्वीइतके आढळत नाही. यावल-रावेर पट्ट्यात पाण्याची पातळी खोल गेली, तशी बोअरमधल्या पाणबुडी मोटारींनी त्याची जागा घेतली. तरीही तापीकाठी पाणी उचलण्यासाठी, मळणी यंत्रासाठी, रसवंतीसाठी आणि वीज नसताना आधार म्हणून ही इंजिने चालू आहेत. इंग्लंडमधील डर्स्ली येथील लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास बाजारात आणलेल्या रचनेवर ती बेतलेली असून राजकोटच्या कारखान्यांनी ती देशभर पोचवली. सहा अश्वशक्तीच्या इंजिनाचा वेग मिनिटाला ६५० फेरे, सिलिंडरचा व्यास ११४.३ मिमी आणि पिस्टनची धाव १३९.७ मिमी असते. १५०० फेऱ्यांचे, ८० मिमी व्यासाचे आणि ११० मिमी धावेचे पीटर प्रकारचे इंजिन रचनेने वेगळे आहे. त्यात तेलाचा पंप असतो आणि बेअरिंगेही निराळी असतात. त्यामुळे पुढील क्रम त्याला जसाच्या तसा लावू नये.

इंजिन खोलणे हे मुळात तपासणीचे काम आहे. जोडलेल्या अवस्थेत कोणता भाग कोणत्या बाजूला, किती शिमवर (जाडी साधण्यासाठी घातलेल्या पातळ पत्र्यांवर) आणि किती ढिला बसलेला होता, ही माहिती नट सैल होताच कायमची जाते, आणि नंतर लेथवाल्याने किंवा सुट्या भागांच्या दुकानदाराने विचारलेल्या प्रश्नांना अंदाजाने उत्तरे द्यावी लागतात. म्हणून प्रत्येक टप्प्यावर काढण्याआधी काय पाहायचे आणि काय मोजायचे, यावर येथे अधिक भर दिला आहे.

खोलण्याआधीची तयारी

कामाची वेळ पिकावर ठरते. केळीवाल्याला एप्रिल-मेमध्ये एक दिवसही पाणी बंद ठेवणे परवडत नाही, म्हणून त्याने हे काम पावसाळ्यात, पाण्याची निकड नसताना, छपराखाली करावे. मात्र सुटे केलेले भाग दमट हवेत एका रात्रीतही गंजतात, हे लक्षात घेऊन तेलाचा हात लगेच फिरवण्याची तयारी ठेवावी. कोरडवाहू कापूसवाल्याला उन्हाळा मोकळा असतो, पण मे महिन्यातील वावटळीत उघडे क्रँककेस (फिरता दांडा, म्हणजे क्रँक, ज्यात असतो ती खालची पेटी) ठेवणे म्हणजे नव्या बेअरिंगमध्ये स्वतःच्या हाताने माती घालणे आहे. दाराला ओले गोणपाट लावलेली बंद खोली मिळत नसेल, तर निदान वरचा भाग काढल्याबरोबर सिलिंडरचे तोंड आणि क्रँककेसचे दार स्वच्छ कापडाने बांधून घ्यावे.

इंजिन बंद करण्यापूर्वी ते भारावर अर्धा तास चालवून पाहावे, कारण बंद इंजिन फारसे काही सांगत नाही. निळसर धूर सिलिंडरमध्ये तेल जळत असल्याचे दर्शवतो. काळा धूर बहुधा नोझलचा (सिलिंडरमध्ये डिझेल सोडणाऱ्या तोटीचा) फवारा बिघडल्याचे, हवेचा फिल्टर तुंबल्याचे किंवा इंजिनावर जास्त भार असल्याचे लक्षण असतो. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर कॉम्प्रेशन कमी झाले आहे किंवा पाणी आत येत आहे. इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या नळीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सतत बुडबुडे दिसले, तर हेड (सिलिंडरचे वरचे झाकण) आणि सिलिंडर यांमधले पॅकिंग फुटले आहे किंवा हेडला चीर गेली आहे. ब्रीदरमधून (क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडातून) जोराने वाफारा येत असेल, तर रिंगांमधून दाब खाली निसटत आहे. यानंतर इंजिन बंद करून, डिकॉम्प्रेशनचा (व्हॉल्व्ह उघडा धरून दाब घालवणारा) खटका सोडून चाक हाताने कॉम्प्रेशनवर आणावे. चाक चांगले अडले पाहिजे आणि सोडल्यावर थोडे मागे उसळले पाहिजे. ते हळूहळू पुढे सरकत राहिले, तर दाब व्हॉल्व्हमधून जातो की रिंगांमधून, हे कान लावून ऐकावे. सायलेन्सरमध्ये फुसफुस ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवेच्या नळीत आली तर इनलेट व्हॉल्व्ह, आणि क्रँककेसमध्ये आली तर रिंगा दोषी असतात.

या टप्प्यावर आणखी एक नोंद आवश्यक आहे. चाकावर सर्वोच्च बिंदूची (पिस्टन सर्वांत वर असल्याची) खूण असते का ते पाहावे. नसल्यास ती शोधून खडूने नव्हे, तर छिन्नीने बारीक कोरावी. मग फ्युएल पंपाच्या वरच्या टोकाची नळी काढून, चाक हळूहळू फिरवत डिझेल वर सरकू लागते तो नेमका क्षण पाहून चाकावर दुसरी खूण करावी. जुळणीच्या वेळी पंपाचे टायमिंग बरोबर आले की नाही, हे या दोन खुणांमधल्या अंतरावरूनच कळेल. बरेच जण ही पायरी गाळतात आणि नंतर ठोका ऐकून टायमिंग लावण्याचा खटाटोप करतात.

हत्यारांत रिंग पाने, गोटी पाने, पेचकस, पितळी ड्रिफ्ट, लाकडी हातोडा, दोन पहारी, मजबूत तिकाटणे आणि चेन ब्लॉक, फिलर गेज, बाहेरचे व आतले मायक्रोमीटर आणि जमल्यास डायल गेज असावे. मायक्रोमीटर उसने मिळत नसेल, तर लेथवाल्याला घरी बोलावणे हा खर्चाचा नव्हे तर बचतीचा मार्ग आहे. धुण्यासाठी डिझेल वापरावे. पेट्रोल वापरू नये, कारण बंद खोलीत त्याची वाफ जमिनीलगत साचते आणि विडीची एक ठिणगीही पुरते. नट-बोल्ट एका डब्यात एकत्र टाकू नयेत. हेडचे, पंपाचे, बेअरिंगच्या घराचे असे वेगळे डबे करून त्यांवर चिठ्ठ्या चिकटवाव्यात, आणि मोबाइलवर प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र भाग काढण्याआधी घ्यावे.

डिझेल, पाणी आणि तेल तोडणे

इंजिन कोमट असतानाच क्रँककेसमधील तेल काढावे, म्हणजे गाळही सोबत येतो. तेल पांढऱ्या कापडातून गाळून उन्हात पाहावे. दुधाळ तेल म्हणजे पाणी मिसळले आहे, आणि पातळ, डिझेलच्या वासाचे, पातळी वाढलेले तेल म्हणजे पंपाकडून डिझेल खाली झिरपत आहे. कापडावर चमकणारे कण दिसले, तर त्यांवरून चुंबक फिरवावे. चिकटणारे कण लोखंडाचे, म्हणजे रोलर, दातेचक्र किंवा रिंगांचे असतात, आणि न चिकटणारे बहुधा बेअरिंगच्या पांढऱ्या धातूचे, बुशच्या पितळेचे किंवा पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे असतात. कापड चिठ्ठीसह जपून ठेवावे.

पाणी पूर्ण काढल्यानंतर डिझेलची टाकी बंद करून जास्त दाबाची नळी, नोझल आणि पंप या क्रमाने सुटे करावे आणि प्रत्येक उघडे तोंड लगेच कापडी बुचाने बंद करावे. नोझलची सुई आणि तिचे घर एकमेकांसाठीच घासून बसवलेले असतात आणि त्यांच्यातील मोकळीक दोन-तीन मायक्रॉनच्या आसपास असते, त्यामुळे त्यांची अदलाबदल कधीही करू नये. नोझलखालचा तांब्याचा वायसर हेडमध्ये चिकटून राहिला आहे का, हे बॅटरीने पाहावे. तो राहिला आणि त्यावर दुसरा बसवला, तर फवाऱ्याची जागा बदलते. फवारा तपासायचा असल्यास तो फक्त चाचणी पंपावर तपासावा आणि हात कधीही समोर धरू नये. या दाबाचे डिझेल कातडीतून आत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, पण आतले मांस सडू शकते आणि माणसाला ताबडतोब शस्त्रक्रियेसाठी न्यावे लागते.

पंप स्वतः खोलू नये. तो काढताना त्याच्या बैठकीखालील शिम मोजून तारेत ओवावेत आणि टॅपेटच्या (पंपाला खालून ढकलणाऱ्या भागाच्या) स्क्रूला हात लावू नये. पंपाची झीज पाहणे हे पंपाच्या दुकानाचे काम आहे.

हेड

हेड नेहमी पूर्ण थंड इंजिनावरूनच काढावे. गरम असताना नट सोडले, तर बीड (ओतीव लोखंड) वाकते. रॉकर आणि पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) आधी काढावेत आणि इनलेट व एक्झॉस्टचे पुशरॉड चिठ्ठी लावून वेगळे ठेवावेत. नट समोरासमोरच्या जोडीने, तीन फेऱ्यांत थोडेथोडे सैल करावेत. हेड चिकटले असेल, तर सांध्यात छिन्नी घालून ते उचकटू नये, कारण त्या एका ओरखड्यातून पुढे दर हंगामाला दाब गळतो. नट दोन-तीन आट्यांवर ठेवून, नोझल तात्पुरते बसवून चाक कॉम्प्रेशनवर फिरवले की हेड आतल्या हवेच्या दाबाने स्वतःच सुटते. नंतर दोघांनी मिळून ते स्टडवरून सरळ वर उचलावे.

जुने पॅकिंग लगेच फेकू नये. त्यावरील काळा पट्टा ज्या बाजूला सिलिंडरच्या कडेपर्यंत गेला आहे, त्या बाजूने दाब गळत होता. पिस्टनच्या माथ्यावर ग्रीसने शिशाच्या तारेचे दोन तुकडे चिकटवून, तेच पॅकिंग व हेड पुन्हा आवळून चाक एकदा हळूहळू फिरवावे आणि चपटी झालेली तार मोजावी. पिस्टन आणि हेड यांच्यातील जुनी मोकळीक यातून कळते. हे अंतर सिलिंडरखालच्या पॅकिंगवर किंवा कनेक्टिंग रॉडच्या पायाखालील शिमवर अवलंबून असते, आणि त्यांपैकी काही गहाळ झाल्यास पिस्टन हेडला आपटू शकतो किंवा उलट इंजिन थंडीत उठत नाही.

व्हॉल्व्ह काढताना स्प्रिंग दाबून अर्धगोल लॉक काढावेत आणि दोन्ही व्हॉल्व्ह आकाराने सारखे दिसले तरी त्यांची जागा बदलू नये. व्हॉल्व्हची दांडी गाइडमध्ये हलवून पाहावी. हेडची तपासणी मात्र धुतल्यानंतर करावी. व्हॉल्व्हच्या दोन बैठकांमधील पट्टीवर आणि नोझलच्या भोकाभोवती डिझेल चोळून, पुसून, त्यावर चुन्याचे पातळ पाणी फिरवावे; चीर असेल तर थोड्या वेळाने पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. ही चीर बैठकीपर्यंत पोचली असेल, तर हेड बदलावे. वेल्डिंग करून टिकते असे सांगणारे भेटतात, परंतु बिडाच्या हेडवर माझा त्यावर विश्वास नाही.

पिस्टन आणि रॉड

सिलिंडरच्या वरच्या टोकाला, पहिली रिंग जिथून मागे फिरते त्याच्या वर, न झिजलेल्या धातूची एक कडा राहते. कार्बन खरवडून नखाने ती चाचपावी. नख अडत असेल, तर पिस्टन वर काढण्यापूर्वी ती कडा खरवडून टाकावी, नाहीतर रिंगा त्या कडेवर अडून पिस्टनच्या खाचा फुटतात.

क्रँककेसचे दार उघडून आत हात घालण्यापूर्वी डिझेलची नळी सोडवलेली आहे आणि चाकांच्या आऱ्यांत पहार किंवा लाकडाची पाचर घालून ती अडवलेली आहेत, याची खात्री करावी. जड चाक थोडे जरी फिरले, तरी बोट क्रँक आणि भिंत यांमध्ये सापडते. बिगएंडच्या (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडील टोकाच्या) टोपीवर आणि रॉडवर एकाच बाजूला, शक्यतो कॅमच्या बाजूला, पंचने टिंब करावे. स्प्लिट पिन सरळ करून नट सोडावेत. टोपी काढल्यावर तिच्यासोबत येणारे पातळ शिम उजवे आणि डावे असे वेगळे तारेत ओवावेत. टोपीला तेल उडवणारी डिपरची जीभ असते, तिची लांबी आणि तोंड पाहावे. ती वाकलेली असेल, तर बेअरिंगला मिळणारे तेल कमी होते, आणि कित्येकदा बेअरिंग जळण्याचे मूळ तिथेच सापडते.

टोपी काढल्यानंतर क्रँकवर ओरखडा येऊ नये म्हणून बोल्टांच्या टोकांना रबरी नळीचे तुकडे घालावेत आणि लाकडी दांड्याने पिस्टन खालून वर ढकलावा. पिस्टन बाहेर येताच त्याला न पुसता उजेडात ठेवावे, कारण पिस्टनइतका स्पष्ट साक्षीदार इंजिनात दुसरा नाही. रिंगांच्या खाली तपकिरी-काळा डाग उतरलेला असेल, तर दाब गळत होता. झिलई एका कडेला वर आणि दुसऱ्या कडेला खाली असेल, तर रॉड वाकला आहे आणि तो सरळ केल्याशिवाय नवीन लायनरही (सिलिंडरचे आतले, बदलता येणारे अस्तर) तसाच घासला जाईल. स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या अंगावर) उभे, करड्या रंगाचे, बारीक आणि सर्वत्र सारखे ओरखडे म्हणजे माती. घासून चिकटलेले ठिपके गजन पिनच्या (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या खिळीच्या) दोन्ही बाजूंना असतील, तर इंजिन अति गरम झाले होते.

माती दिसली तर ती कुठून आली, हे इथेच थांबून शोधावे. हवेच्या फिल्टरच्या पुढे, हेडकडे जाणाऱ्या नळीत आतून बोट फिरवावे. तिथे धूळ असेल, तर फिल्टरमधील तेल सुकले आहे, जाळी फाटली आहे किंवा नळीचा रबरी जोड चिरला आहे. काळ्या मातीची बारीक धूळ आणि तेल मिळून घासण्याची पेस्टच बनते. लायनर बदलून फिल्टर तसाच ठेवणाऱ्याचे पैसे दोन हंगामांत वाया जातात, आणि मग दोष लायनरच्या कंपनीला दिला जातो.

गजन पिन काढण्यासाठी दोन्ही बाजूंचे सर्क्लिप काढून पिस्टन उकळत्या पाण्यात किंवा गरम तेलात काही मिनिटे ठेवावा. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे पिन अंगठ्याने सरकते. थंड पिस्टन मांडीवर धरून हातोड्याने पिन ठोकण्याची पद्धत सर्रास दिसते. तिने पिस्टन अंडाकृती होतो. रिंगा पुन्हा वापरायच्या नसल्या, तरी कोणती कुठल्या खाचेत होती आणि कोणती घट्ट चिकटली होती, हे लिहून ठेवावे.

सिलिंडर मोजणे

सिलिंडरचा व्यास वर, मधे आणि खाली अशा तीन पातळ्यांवर, आणि प्रत्येक पातळीवर क्रँकच्या दिशेने व तिच्या आडव्या दिशेने मोजावा. सर्वाधिक झीज वरच्या रिंगेच्या जागी आणि आडव्या दिशेने सापडते, कारण तिथे दाब सर्वाधिक, तेल सर्वांत कमी आणि पिस्टनचा रेटाही त्याच बाजूला असतो. सर्वांत खालचे, रिंगा पोचत नाहीत तिथले माप हे मूळ माप समजावे. पुस्तिका हाताशी असेल तर तिच्यातील मर्यादा पाळावी. नसेल तर या व्यासाला वर-खाली फरक पाव मिलिमीटरपर्यंत गेला, की मी लायनर बदलतो किंवा बोअर करून घेतो. फरक त्याच्या निम्म्याहून कमी असेल आणि ओरखडे नसतील, तर केवळ रिंगा बदलून काम भागते, आणि लेथवाला आग्रह करतो म्हणून बोअर वाढवण्याचे कारण नाही.

नवीन रिंग तोंडाच्या फटीसाठी तपासताना ती सिलिंडरच्या खालच्या, न झिजलेल्या भागात पिस्टनच्या माथ्याने सरळ ढकलावी. या व्यासाला ०.३५ ते ०.४५ मिमी फट साधारण योग्य धरतात. हीच रिंग वरच्या झिजलेल्या जागी नेल्यावर फट किती वाढते, यावरूनही झिजेचा चांगला अंदाज येतो, कारण व्यास जितका वाढतो त्याच्या सुमारे तिप्पट फट वाढते. ज्याच्याकडे आतले मायक्रोमीटर नाही, त्याला फिलर गेजवर भागवण्याचा हा मार्ग आहे.

मापे सकाळी लवकर घ्यावीत. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उन्हात ठेवलेले लोखंड त्याहून तापते. वीस अंशांच्या फरकाने या व्यासाचे बीड सुमारे अडीच शतांश मिलिमीटर वाढते आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन सुमारे पाच शतांश. म्हणजे सावलीतला सिलिंडर आणि उन्हातला पिस्टन मोजून काढलेली मोकळीक खोटी ठरते. मोजायचे भाग आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच खोलीत ठेवले, तर ही अडचण राहत नाही.

लायनर वेगळा असल्यास तो खालून पट्टी लावून, वर पुलाने आणि आट्याच्या दांड्याने ओढून काढावा. बाहेरचा थर आता दिसेल. आपल्याकडील विहिरींचे पाणी जड असल्यामुळे इंजिनाच्या पाण्याच्या जागेत पांढरट, दगडासारखा थर चढतो, आणि तो सर्वांत जाड नेमका तिथेच असतो जिथे उष्णता सर्वाधिक असते, म्हणजे वरच्या बाजूला. हा थर उष्णता अडवतो, म्हणून बाहेरचे पाणी कोमट असूनही आतला पिस्टन चिकटतो. लाकडी किंवा पितळी खरवडणीने जितका निघेल तितका काढावा, उरलेल्यासाठी सौम्य आम्ल लागते. आम्ल पाण्यात हळूहळू ओतावे, पाणी आम्लात ओतू नये, आणि ॲल्युमिनियमचा कोणताही भाग त्यात बुडवू नये. लायनरच्या बाहेरच्या अंगावर खोल खड्डे असतील, तर आतून तो कितीही चांगला असला तरी बदलावा.

याची उलट बाजूही सांगावी लागेल. विहिरीचे थंड पाणी पूर्ण धारेने इंजिनातून सोडले, तर सिलिंडर कधीच पुरेसा तापत नाही. डिझेलमधील गंधकापासून तयार होणारे आम्ल त्याच्या थंड भिंतीवर साचते आणि ती खाते. लायनर खालपर्यंत सारखा झिजलेला आणि निस्तेज दिसला, तर शंका तिकडेच घ्यावी. जोडणी झाल्यानंतर बाहेर पडणारे पाणी हाताला चांगले गरम लागेल, इतपतच धार ठेवावी.

चाके काढायची की नाही

बहुतेक मिस्त्री क्रमाक्रमाने सगळेच खोलतात, पण चाके आणि क्रँक काढणे हे या कामातील सर्वांत जड आणि सर्वांत जोखमीचे पाऊल आहे, म्हणून त्याची गरज आहे का, हे आधी जागेवरच तपासावे. बिगएंड सुटलेले असल्याने दारातून मायक्रोमीटर घालून क्रँकपिन मोजता येते; दोन टोकांना आणि एकमेकींना काटकोनातल्या दोन दिशांना मोजून फरक ०.०५ मिमीच्या आत आणि पृष्ठभाग गुळगुळीत असेल, तर क्रँक लेथवर पाठवण्याची गरज नाही. चाकाखाली लाकडी ठोकळ्यावर पहार टेकवून वर उचलताना डायल गेजची सुई किती हलते ते पाहावे, आणि शाफ्ट दोन्ही बाजूंना ढकलून बाजूची चाल मोजावी. पिस्टन निघाल्यानंतर चाक हाताने फिरवल्यास खरखर जाणवत नसेल आणि पेचकसाचे टोक बेअरिंगच्या घरावर ठेवून कानाला लावल्यावर आवाज एकसारखा येत असेल, तर चाके आहेत तिथेच राहू द्यावीत.

काढावीच लागली, तर चाकाची गिब चावी (चाक शाफ्टवर पक्के धरणारी, डोके असलेली पाचर) हा खरा अडथळा असतो. चावीच्या पुढील शाफ्टवरचा गंज एमरी पेपरने आधी पूर्ण साफ करावा, चावीच्या दोन्ही अंगांना डिझेल आणि तेल सोडून रात्रभर ठेवावे, आणि चाक पट्ट्याने चेन ब्लॉकला टांगून त्याचे वजन शाफ्टवरून उतरवावे. नंतर चावीचे डोके आणि चाकाचा तुंबा (शाफ्टवर बसणारा मधला भाग) यांमधील फटीत दोन पाचरी समोरासमोरून घालून आळीपाळीने ठोकाव्यात. चावी सुटताना गोळीसारखी उडू शकते, म्हणून तिच्या रेषेत कोणीही उभे राहू नये. डोके तुटले, तर चावीच्या टोकात भोक पाडून, आटे काढून, ओढणी लावता येते. गॅसने तुंबा लालबुंद करण्याचा सल्ला ऐकू नये. असमान तापलेले बीड थंड होताना चिरते, आणि चिरलेले चाक ६५० फेऱ्यांवर फिरवणे जिवावर बेतते. उजवे चाक, डावे चाक आणि त्यांच्या चाव्या यांवर खुणा कराव्यात, कारण चाकांतील वजनांचा तोल क्रँकशी मिळवलेला असतो.

क्रँक काढण्यापूर्वी दातेचक्रांच्या खुणा पाहाव्यात. क्रँकच्या आणि कॅमच्या दात्यांवर टिंबे नसतील, तर ती पंचने करावीत. मध्ये आयडलर चक्र असेल, तर इंजिन थोडे फिरवताच त्यावरील खुणा जुळलेल्या दिसत नाहीत आणि पुढच्या प्रत्येक फेऱ्यालाही जुळत नाहीत. याचा अर्थ मागच्या मिस्त्रीने चुकीचे बसवले होते असा होत नाही. दात्यांमधील ढिलाई फिलर गेजने तीन-चार ठिकाणी मोजून लिहावी.

बेअरिंगच्या घराखालील शिम हे या टप्प्यातील सर्वांत महत्त्वाचे भाग आहेत. निमुळत्या रोलर बेअरिंगच्या इंजिनात शाफ्टची बाजूची चाल यांच्यावरच ठरते. एक शिम हरवला, तर बेअरिंग आवळून जळते, एक जास्त पडला तर चाके डगडगतात. कोणत्या बाजूचे किती निघाले, हे मोजून, बाजूची चिठ्ठी लावून तारेत ओवावे. एका बाजूचे घर काढल्यावर क्रँक दोघांनी धरून सरळ बाहेर ओढावी आणि जमिनीवर आडवी न ठेवता लाकडी व्ही-ठोकळ्यांवर ठेवावी. रोलर आणि वाटी यांवर निळसर रंग, खड्डे किंवा ठरावीक अंतरावर पडलेल्या रेघा दिसल्या, तर जोडी बदलावी. केवळ वाटी किंवा केवळ आतले कडे बदलू नये.

लेथवर पाठवण्यापूर्वी

क्रँक घासावी लागली, तर ती ०.२५, ०.५० किंवा ०.७५ मिमी अशा ठरावीक पायऱ्यांनी घासतात आणि त्याच मापाचे शेल (बेअरिंगच्या अर्धगोल वाट्या) मिळतात. आधी बाजारात कोणत्या मापाचे शेल आणि कोणत्या मापाचा पिस्टन प्रत्यक्ष मिळतो, हे जळगाव किंवा धुळ्याच्या दुकानात विचारून, माल हातात घेऊन, मगच क्रँक आणि सिलिंडर लेथवाल्याकडे द्यावे. सिलिंडर देताना नवीन पिस्टनही सोबत द्यावा आणि बोअर छापील मापावर नाही, तर त्या पिस्टनवर मोजून करण्यास सांगावे. वाकलेल्या रॉडची शंका असल्यास रॉडही त्याच वेळी द्यावा.

घरी राहिलेले भाग डिझेलमध्ये धुऊन, सुकवून, तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवावेत. क्रँककेसच्या तळातील गाळ खरवडून काढावा, डिपरसाठीची तेलाची पन्हाळ आणि ब्रीदरची जाळी साफ करावी, आणि स्टडचे आटे तपासावेत. ज्या स्टडवर नट हाताने शेवटपर्यंत फिरत नाही, तो बदलण्याच्या यादीत लिहावा. ही यादी, तारेत ओवलेले शिम, तेलाचा डाग असलेले ते कापड आणि मापांची वही एकाच डब्यात ठेवून तो डबा क्रँककेसवरच झाकणासारखा बांधून ठेवावा, म्हणजे लेथवरून भाग परत येईपर्यंत काही हरवणार नाही.